डाव्या पायात उतरलेली कळ : सायटिकाच्या एका रुग्णाचे १२ आठवडे

हे प्रकरण कोणा एका माणसाचे नाही. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून, उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांतून आणि वडगाव-शहापूरच्या विणकामाच्या मागांवरून कंबरदुखी घेऊन येणाऱ्यांत जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो इथे एका नमुना-रुग्णाच्या रूपात मांडला आहे. गावे आणि कामे इथली आहेत. आजार जसा वागतो तसाच लिहिला आहे.

रुग्ण पुरुष, वय ४३. येळ्ळूरच्या बाजूला दीड एकर भात, शिवाय उद्यमबागेत फाउंड्रीत साचे भरण्याचे काम. मधुमेह नाही, रक्तदाब १२८/८२. तंबाखू-चुन्याची सवय. जूनमध्ये ट्रॉलीतून युरियाचे ४५ किलोचे पोते उतरवताना पाय जागेवर रोवलेले, कंबर पुढे वाकलेली आणि अंग डावीकडे वळलेले, अशा अवस्थेत कमरेत उसण भरली. मणक्यांमधल्या चकतीला ही हालचाल सर्वांत जड जाते. वाकल्यावर चकतीचा मऊ गाभा मागे ढकलला जातो आणि पीळ बसला की बाहेरच्या तंतुमय कड्यावर एकाच बाजूने ताण येतो. मात्र निरोगी चकती त्या एका पोत्याने फुटली असे समजणे चूक आहे. कड्यात बारीक चिरा बऱ्याच आधी पडलेल्या असतात, पोते निमित्त होते.

पहिले दोन दिवस फक्त कंबर धरली. तिसऱ्या दिवशी कंबर हलकी झाली आणि दुखणे डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या अंगाने नडगीवर, तिथून पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्यापर्यंत उतरले. खोकला, शिंक, संडासला जोर देणे, या तिन्ही वेळी वीज गेल्यासारखी कळ. मोटारसायकलवर १० मिनिटे बसले की पाऊल बधिर. उभे राहिले की थोडे बरे, चालले की त्याहून बरे, खाली मांडी घालून जेवायला बसले की सगळ्यात वाईट.

कंबर हलकी होऊन पाय दुखू लागला की घरच्यांना वाटते दुखणे 'सरकले'. खरे तर इथे खरी गोष्ट सुरू होते. कमरेच्या एल-४, एल-५ या मणक्यांमधून आणि त्यांच्या खालच्या त्रिकास्थीच्या एस-१, एस-२, एस-३ या पातळ्यांवरून निघणारे धागे एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस, सायटिक नस, तयार होते. बाहेर आलेला गाभा यातल्या एखाद्या धाग्याच्या मुळावर, म्हणजे तो कण्यातून निघतो तिथे, टेकला की कळ त्या मुळाच्या वाटेने पायात जाते. हीच सायटिका. त्यात निव्वळ दाब नसतो. गाभ्यातले पदार्थ मुळाला लागून दाहही सुरू करतात. हा दाह आठवड्यागणिक ओसरतो, म्हणून चकती पूर्ण आत न जाताही माणूस बरा होऊ शकतो. पुढची सगळी उपचारांची मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिले तीन आठवडे

या काळात रुग्णाने केलेल्या पाच गोष्टींपैकी एक निरुपद्रवी होती, एक उपयोगी आणि तीन घातक.

निरुपद्रवी म्हणजे तेलाची हलकी मालीश. बोटांचा दाब मणक्यातल्या मुळापर्यंत पोहोचत नाही, पण आखडलेले स्नायू सैल होतात. उपयोगी म्हणजे जेवणानंतर घेतलेली साधी दाहशामक गोळी.

घातक गोष्टींत पहिली आठ दिवसांची झोप. १९९९ साली नेदरलँड्समधल्या १८३ सायटिका रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, निम्म्यांना जमेल तसे हिंडूफिरू दिले. बरे होण्याच्या बाबतीत झोपणाऱ्यांना काहीही जास्तीचे मिळाले नाही. पडून राहिल्याने पाठीचे स्नायू सैलावतात, बद्धकोष्ठ होतो आणि संडासला जोर द्यावा लागल्याने कळ वाढते. एक-दोन दिवस कळ असह्य असेल तर पडावे, त्यापुढे नाही.

दुसरी, पाय ओढून आणि कंबर पिळून 'नस बसवणे'. साध्या उसणीत यातून काहींना बरे वाटते, म्हणून ते टिकून आहे. पण गाभा बाहेर आलेला असताना जोराचा पीळ दिला तर तुकडा आणखी सरकू शकतो. असे क्वचित होते, पण झाले तर लघवीची नस जाऊ शकते. पायात कळ उतरलेल्या माणसाच्या कमरेला कोणीही झटका देऊ नये, मग तो देणारा गावचा असो की पदवीवाला.

तिसरी, तापवलेल्या विटेचा शेक. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर झालेला असतो, चटका कळत नाही. या रुग्णाला नडगीवर दोन फोड आले. शेकायचे तर कंबर शेकावी, बधिर पाय नाही. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून १५ मिनिटे पुरते. पायाला डाग देण्याचा प्रकार अजून काही गावांत चालतो. त्याने नसेला काहीच मिळत नाही, जखम मात्र मिळते.

तपासणी : यंत्राआधी पाय

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस नीट तपासणी झाली. इथे घाई करू नये. हातोडी, टाचणी आणि १५ मिनिटे एवढ्यावर कोणते मूळ दबले आहे ते बहुतेक वेळा सांगता येते.

रुग्णाला पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवत डावा पाय तपासणाऱ्याने उचलला. ३५ अंशांवर पोटरीखाली कळ गेली. मांडीच्या मागे नुसते ताणल्यासारखे वाटणे म्हणजे ही खूण नव्हे. कळ गुडघ्याखाली जायला हवी. मग दुखत नसलेला उजवा पाय उचलला, तेव्हाही डाव्या पायात कळ आली. ही उलटी खूण कमी जणांत मिळते, पण मिळाली की चकतीवरचा संशय पक्का होतो.

नंतर ताकद. टाचांवर चालायला सांगितले तर डावे पाऊल थोडे खाली येत होते. अंगठा वर उचलून धरायला सांगून बोटाने दाबला तर डावा लवकर झुकला : ५ पैकी ४ (५ म्हणजे पूर्ण ताकद). घोटा वर उचलण्याची ताकद ४ च्या थोडी वर. एका पायावर चवड्यांवर दहा वेळा उठणे मात्र दोन्ही बाजूंनी जमले. हातोडी मारल्यावर येणारा टाचेमागचा झटका दोन्हीकडे सारखा. अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मधल्या खाचेत टाचणी बोथट लागत होती. हे चित्र एल-५ मुळाचे आहे. एस-१ असते तर चवड्यावर उठणे जड गेले असते, टाचेमागचा झटका मंद झाला असता आणि बधिरपणा करंगळीकडे व तळव्याकडे असता. विचारपूस करताना 'चप्पल पायातून निसटते का' हा प्रश्न इथे खूप उपयोगी पडतो. अंगठ्याची पकड गेली की चालताना हवाई चप्पल मागे राहते, आणि ते रुग्णाला स्वतःला कमजोरीच्या आधी लक्षात येते.

पाऊल पडते म्हणजे मणकाच, असे धरून चालता येत नाही. ऊस तोडताना किंवा भांगलताना तासन्‌तास उकिडवे बसल्याने गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला नस दाबली जाऊन पाऊल तसेच पडते, पण कमरेतून कळ नसते. कुष्ठरोगातही तीच नस जाड होते. ओळख सोपी आहे : गुडघ्याखालच्या दाबात पाऊल आत वळवण्याची ताकद शाबूत राहते, एल-५ मध्ये तीही घटते, आणि मांडी बाहेर फाकवण्याची ताकदही कमी होते. निपाणी-चिकोडीकडच्या बिडी ओढणाऱ्या तरुणात चालताना पोटरी आवळत असेल आणि थांबल्यावर दोन मिनिटांत मोकळी होत असेल, तर पावलावरची नाडी आधी हाताला लावून पाहावी. तो आजार रक्तवाहिन्यांचा असतो आणि तिथे कमरेचे एमआरआय काढत बसण्यात पाय गमावला जातो.

शिवाय ताप, रात्री जागे करणारे पाठदुखणे, वजन घटणे किंवा घरात क्षयरोग, यांपैकी काही असेल तर मणक्याच्या क्षयाचा विचार पहिल्या भेटीतच व्हायला हवा. या रुग्णात यातले काही नव्हते.

एमआरआय

रुग्ण एमआरआय घेऊनच आला होता. तिसऱ्या आठवड्यात काढलेला, म्हणजे बहुतेकांच्या गरजेपेक्षा लवकर. अहवालात एल-४/एल-५ मध्ये डावीकडे मागे बाहेर आलेला गाभा एल-५ मुळाला चिकटलेला होता. त्याशिवाय एल-५/एस-१ मध्ये फुगवटा, सांध्यांची झीज, चकत्या कोरड्या पडलेल्या. वाचून घरचे घाबरले होते : 'तीन मणके गेलेत.'

यातला फक्त पहिला दोष तपासणीशी जुळतो. दुखणे नसलेल्या माणसांच्या एमआरआयचा २०१५ सालचा मोठा आढावा सांगतो की चाळिशीत सुमारे ५० टक्के लोकांच्या चकतीत फुगवटा असतो आणि विशीतल्यांतही सुमारे ३७ टक्क्यांच्या चकत्यांत झीज दिसते. वय वाढले की केस पांढरे होतात, तसेच हे. म्हणून क्रम असा हवा : आधी पायाने सांगावे कोणते मूळ, मग एमआरआयने ते कुठे दबले आहे ते दाखवावे. उलटे केले तर चुकीच्या पातळीवर इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया होऊ शकते.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगितली, आणि ती ऐकून त्यांचा जीव बराच हलका झाला. मोठा, फुटून बाहेर आलेला तुकडा दिसायला भीतिदायक असला तरी शरीर तोच जास्त खाऊन टाकते. २०१५ च्या एका संकलनात आपोआप लहान होण्याचे प्रमाण सुट्या तुकड्यांत ९६ टक्के, बाहेर पडलेल्या गाभ्यात ७० टक्के आणि नुसत्या फुगवट्यात १३ टक्के आढळले.

कोणता मार्ग, आणि का

'ऑपरेशन केले नाही तर पाय जाईल का?' हा पहिला प्रश्न. उत्तर पायाच्या ताकदीवर ठरते, दुखण्यावर नाही. अंगठ्याची ताकद ४ आहे, घसरत नाही, लघवी-संडास ठीक आहे. मग थांबण्यात नस गमावण्याचा धोका कमी असतो. ती ३ वर आली किंवा काही दिवसांत घसरत गेली असती, तर थांबणे चुकले असते.

थांबण्याची किंमत मात्र आहे, आणि ती लपवू नये. नेदरलँड्समध्येच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांना लवकर शस्त्रक्रिया किंवा थांबून उपचार असे विभागले. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. पण शस्त्रक्रियेचा गट निम्म्याहून कमी वेळात बरा झाला, मधला आकडा ४ आठवडे विरुद्ध १२. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे शस्त्रक्रिया वेळ वाचवते, वर्षभरानंतरचा पाय मात्र तोच देते. हा निर्णय रुग्णाचा असतो. लावणी तोंडावर आलेल्या माणसाला, पगार बुडत असलेल्या माणसाला तो आकड्यांसकट समजला पाहिजे.

या रुग्णाने थांबायचे ठरवले, दर आठवड्याला ताकद मोजून घेण्याच्या अटीवर. मोजमाप वहीत लिहिले : अंगठा, घोटा, पाय उचलण्याचे अंश, दुखणे १० पैकी किती, रात्री झोप किती तास.

औषधे : दाहशामक नॅप्रोक्सेन २५० मि.ग्रॅ. दोन वेळा जेवणानंतर १० दिवस, पोट सांभाळण्यासाठी सकाळी उपाशी पोटी पँटोप्राझोल ४० मि.ग्रॅ. सुरू करण्याआधी मूत्रपिंडासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासले. साठीच्या पुढे, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नॅप्रोक्सेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. नसेच्या दुखण्यावरचे गॅबापेंटिन-प्रेगाबालिन दिले नाही. इथल्या चिठ्ठ्यांवर ते सर्रास असते, पण ऑस्ट्रेलियातल्या २०९ रुग्णांच्या २०१७ च्या चाचणीत प्रेगाबालिनने पायाची कळ औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा जास्त कमी केली नाही, चक्कर मात्र जास्त आणली. बेनाव पुड्या तर अजिबात घेऊ नयेत. चार दिवसांत जादूसारखा फरक पडला तर आत स्टिरॉइड असल्याची शंका घ्यावी.

व्यायाम : पोटावर पालथे पडणे २ मिनिटे, मग कोपरांवर उठणे, मग हात सरळ करून छाती उचलणे, कंबर जमिनीवरच, १० वेळा, दर दोन-तीन तासांनी. यशाची खूण अशी की कळ पावलातून वर सरकत पोटरीत, मग मांडीत, मग कुल्ल्यात येते. कंबर जास्त दुखली तरी चालते. उलट कळ खाली पळाली तर व्यायाम त्याच क्षणी थांबवावा. चालणे १० मिनिटे, दिवसात चार वेळा, सपाट रस्त्यावर. बसणे एका वेळी २० मिनिटांवर नाही, तेही खुर्चीवर. उकिडव्या संडासाऐवजी प्लास्टिकची खुर्ची-कमोड. उठल्यावर पहिला तासभर वाकणे टाळायचे, कारण रात्रभर पाणी शोषून चकती फुगलेली असते. कंबरपट्टा प्रवासापुरता. लावणी त्या वर्षी पैऱ्याने (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करून) आणि मजूर लावून उरकली.

कटिबस्तीबद्दलही, म्हणजे कमरेवर कोमट तेल धरून ठेवण्याच्या आयुर्वेदिक उपचाराबद्दल, विचारले गेले. तेलाच्या उबेने आराम वाटत असेल तर करावी. दर आठवड्याची ताकद-मोजणी मात्र चुकवू नये.

पाचव्या आठवड्यातली रात्र

झोप येत नाही म्हणून रुग्णाने दुसऱ्या ठिकाणाहून ट्रॅमाडॉल ही जोरदार वेदनाशामक गोळी आणि रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणली. तिसऱ्या दिवशी लघवीला जोर द्यावा लागू लागला, धार तुटक. रात्री ९ वाजता फोन आला.

अशा वेळी चार प्रश्न विचारायचे असतात. संडासच्या जागेभोवती आणि जांघांच्या आत, घोड्यावर बसताना खोगीर टेकते तेवढ्या भागात, बधिर वाटते का? लघवी भरल्याची जाणीव होते का? दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी आली का? लिंगाची संवेदना, ताठरता बदलली का? शेवटचा प्रश्न लाजेपोटी विचारला जात नाही आणि रुग्णही सांगत नाही, म्हणून तो सरळ शब्दांत विचारावाच लागतो.

उत्तरे बरीचशी दिलासा देणारी होती. तरी 'सकाळी या' असे सांगितले नाही. कण्याच्या तळाशी असलेला नसांचा झुबका दाबला जात असेल तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते, आणि हुकली तर जन्मभर नळी घालून लघवी काढण्याची वेळ येऊ शकते. त्याच रात्री त्याला बेळगावात मोठ्या रुग्णालयात नेले. गाडी नसेल तर १०८ बोलवावी, आणि रस्ता खराब असला तर मोटारसायकलचा हट्ट धरू नये.

तिथे टाचणीने खोगिराचा भाग तपासला : जाणीव पूर्ण. गुदद्वाराची पकड चांगली. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात ७० मि.ली. उरलेली, २०० मि.ली. च्या वर असती तर संशय बळावला असता. एमआरआय पुन्हा केला, नसा जातात ती कण्यातली नळी तुकड्याने पूर्ण भरलेली नव्हती. दोष गोळ्यांचा होता : दोन्ही औषधे मूत्राशय सैल पाडतात, त्यात बद्धकोष्ठ. गोळ्या बंद केल्या, इसबगोल सुरू केले, दोन दिवसांत धार सुधारली. एमआरआयचा खर्च वाया गेला असे घरच्यांना वाटले. तो वाया गेला नाही. अशा दहा रात्रींतल्या नऊ रिकाम्या गेल्या तरी दहावी चुकवणे परवडत नाही.

इंजेक्शन

सहाव्या आठवड्यात अंगठा अजून ४, घसरण नाही, पण कळ १० पैकी ६ आणि झोप तीन तास. इथे एल-५ मुळाजवळ क्ष-किरणाच्या यंत्राखाली बघत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले. त्याने चकती आत जात नाही. दाह उतरतो आणि काही आठवड्यांची सवलत मिळते, तेवढ्यात नैसर्गिक बरे होणे पुढे सरकते. सरासरी फायदा माफक आणि अल्पकाळाचा असतो, हे आधीच सांगून ठेवले. परिणाम दिसायला दोन ते सात दिवस लागतात. मधुमेह असता तर साखर काही दिवस चढली असती, रक्त पातळ करणारी गोळी असती तर आधी विचार करावा लागला असता. चौथ्या दिवशी कळ ३ वर आली, रुग्ण सहा तास झोपला.

हे झाले नसते तर पुढचा टप्पा मायक्रोडिस्केक्टमी. पाठीवर तीनेक सेंटिमीटरचा छेद, सूक्ष्मदर्शकातून मुळावरचा तुकडा काढणे, एक-दोन दिवसांचा मुक्काम. ती पायाची कळ घालवण्यासाठी असते, कंबरदुखीसाठी नाही; हा फरक न समजता केलेल्या शस्त्रक्रियेनंतर 'बरे झालो नाही' ही तक्रार येते. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांत गाभा पुन्हा बाहेर येतो. शिधापत्रिकेवर सरकारी योजनेतून करायची असेल तर तातडीची वेळ सोडून आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. ते आठव्या आठवड्यात धावपळ करून आणण्यापेक्षा सहाव्यातच मागून ठेवलेले बरे.

कामावर परत

नवव्या आठवड्यात पाय ६० अंशांपर्यंत उचलत होता. फाउंड्रीत पहिले दोन आठवडे साचे साफ करण्याचे उभ्याचे काम, १० किलोवर उचलणे नाही. अकराव्या आठवड्यात १५ किलो, दोन हातांनी, वस्तू पोटाशी धरून, कंबर न वळवता पाय उचलून पूर्ण दिशा बदलत. वाळूची पाटी भरताना फावड्याचा दांडा लांब केला आणि ढीग गुडघ्याच्या उंचीच्या कट्ट्यावर घेतला. नुसते 'वाकू नका' सांगण्यापेक्षा यानेच वाकणे कमी झाले. तंबाखू सोडण्याची वेगळी मदत सुरू केली, कारण चकतीला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचे पोषण कडेच्या बारीक वाहिन्यांतून झिरपते, आणि निकोटिन त्याच वाहिन्या आवळते.

१२व्या आठवड्यात कळ १, तीही जास्त बसल्यावर. घोटा ५, अंगठा ५ च्या किंचित खाली. पावलावरचा बधिरपणा अजून आहे. तो सगळ्यात शेवटी जातो, वर्षभरही राहू शकतो, आणि एकट्या बधिरपणावर शस्त्रक्रिया होत नाही, हे त्याला सांगितले आहे. पालथ्याचे व्यायाम दिवसात दोन वेळा आणि रोज अर्धा तास चालणे सुरू आहे. अंगठा घरीच बायकोने दर रविवारी दाबून बघायचा आणि कमी वाटला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचे, एवढे ठरले आहे.